ताटाची वेळ आणि शरीराचा हक्क

सूरह अबसच्या २४ व्या आयतीत अल्लाह मनुष्याला स्वतःच्या अन्नाकडे लक्षपूर्वक पाहण्यास सांगतो. त्यापुढे आकाशातून बरसलेले पाणी, दुभंगलेली जमीन, धान्य, द्राक्षे, जैतून, खजूर आणि घनदाट बागा यांचे वर्णन येते. हे सर्व तुमच्या आणि तुमच्या गुराढोरांच्या उपयोगासाठी आहे, असेही तेथे स्पष्ट केले आहे. भाष्यकारांनी या आयतींकडे प्रामुख्याने अल्लाहच्या सामर्थ्याची साक्ष आणि मृत्यूनंतरच्या पुनरुत्थानाचा पुरावा म्हणून पाहिले आहे आणि संदर्भ पाहता ते योग्यच आहे. तरीही आदरणीय वाचकहो, अन्नाकडे पाहण्याची ही आज्ञा ताट समोर आल्यावर आपल्याला आठवते का, हा प्रश्न उरतोच.

एका बाबतीत आपण अन्नाकडे खरोखर बारकाईने पाहतो. मांस कोणत्या दुकानातून आले, जनावर अल्लाहचे नाव घेऊन जबह केले होते का, बिस्किटात कोणती चरबी आहे, मिठाईवरचा वर्ख कशाचा आहे, याची चौकशी आपल्या घराघरांत होते. ही दक्षता श्रद्धेचे लक्षण आहे आणि ती टिकलीच पाहिजे. मात्र 'काय खावे' हे इतक्या काटेकोरपणे विचारणारा समाज 'केव्हा खावे' आणि 'किती खावे' हे जवळजवळ विचारतच नाही. सूरह आराफच्या ३१ व्या आयतीत खाण्यापिण्याची अनुमती आणि मर्यादा न ओलांडण्याची ताकीद एकाच वाक्यात आली आहे. ती आयत हलाल अन्नाविषयीच आहे. म्हणजे हलाल अन्नातही मर्यादा ओलांडता येते आणि तसे करणारे अल्लाहला आवडत नाहीत.

आता आपल्याकडील सर्वसाधारण प्रौढ माणसाचा दिवस पाहू. सकाळी उशिरा जाग येते. चहाबरोबर खारी, टोस्ट किंवा पाव खाऊन तो बाहेर पडतो. दुपारचे जेवण दोन-तीन वाजता होते, तेही ग्राहक सांभाळत किंवा कार्यालयात घाईघाईने. असरनंतर पुन्हा चहा आणि सोबत समोसा किंवा भजी. दुकान नऊ-दहाला बंद होते, किंवा लोकलचा प्रवास संपवून माणूस घरी पोहोचतो, आणि रात्री साडेदहा-अकराला दिवसातील सर्वांत मोठे जेवण होते. रस्सा, भाकरी किंवा चपाती, भात आणि पाहुणे असल्यास बिर्याणी. बारा वाजता तो झोपतो आणि फजरची अजान होते तेव्हा पोट भरलेले व डोळे जड असतात. ज्यांची फजर अशी वारंवार सुटते ते बहुधा आपल्या इच्छाशक्तीला दोष देतात. रात्री किती वाजता जेवलो, याचा हिशेब क्वचितच कोणी करतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मदीनेत जेवणाच्या दोन ठळक वेळा होत्या. दिवसाच्या पूर्वार्धातील 'गदा' आणि संध्याकाळचा 'अशा'. सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अ.) प्रवासात आपल्या तरुण सोबत्याकडे जे जेवण मागतात त्याला 'गदा' हाच शब्द आहे. सूरह मरयमच्या ६२ व्या आयतीत स्वर्गवासीयांना सकाळ-संध्याकाळ उपजीविका मिळेल, असे सांगितले आहे. शुक्रवारी ही दुपारची विश्रांती व जेवण जुमाच्या नमाजनंतर होत असे, असे हजरत सहल बिन सअद (र.) सांगतात. शुक्रवारची वेळ वेगळी सांगण्याची गरज त्यांना वाटली, यावरून इतर दिवशी हे जेवण त्याआधीच होत असावे असे दिसते.

संध्याकाळच्या जेवणाविषयी सहीह बुखारीत हजरत अनस (र.) यांची एक हदीस आहे. तिचा आशय असा की रात्रीचे जेवण समोर मांडले गेले असेल तर मगरिबच्या नमाजपूर्वी ते सुरू करावे आणि घाईने उरकू नये. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (र.) यांच्याविषयी सांगतात की जेवण वाढलेले असताना जमात उभी राहिली तर ते जेवण पूर्ण करून मगच उठत, इमामांचे पठण त्यांच्या कानावर येत असले तरीही. धर्मशास्त्रज्ञांनी या हदीसवरून नमाजमधील एकाग्रतेचा नियम काढला. भुकेल्या माणसाचे चित्त ताटाकडे राहू नये, हा तिचा हेतू. परंतु त्याच हदीसमध्ये सहज जाता जाता आणखी एक गोष्ट कळते. रात्रीचे जेवण मगरिबच्या आसपास समोर येत होते. मुंबई-कोकणात सूर्यास्त हिवाळ्यात सहाच्या सुमारास आणि उन्हाळ्याच्या अखेरीस सव्वासातच्या थोडा पुढे होतो. म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे मदीनेचे रात्रीचे जेवण आपल्या असरनंतरच्या चहाच्या आणि टीव्हीवरच्या पहिल्या मालिकेच्या मधोमध येते.

याला जोडूनच हजरत अबू बरजा (र.) यांचे कथन वाचावे. प्रेषितांना (स.) इशापूर्वी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारत बसणे पसंत नव्हते. ज्ञानाची चर्चा, पाहुण्यांची सरबराई आणि पती-पत्नीचा संवाद यांना विद्वानांनी अपवाद मानले आहे. हजरत अबू बकर (र.) यांच्या घरी एकदा पाहुणे रात्री उशिरापर्यंत यजमानाची वाट पाहत जेवायचे थांबले होते आणि नंतर त्याच अन्नात मोठी बरकत झाली, हा प्रसंगही बुखारीत आहे. तेव्हा उशिराचे जेवण कधीच होत नव्हते असे नाही. पण तो अपवाद होता म्हणूनच तो सांगण्याजोगा प्रसंग ठरला. आपल्याकडे तो रोजचा क्रम झाला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. रात्री अकराला जेवणे हराम आहे, असे मी म्हणत नाही आणि कोणत्याही विद्वानाने तसे म्हटलेले नाही. मदीनेत वीज नव्हती, दिव्याचे तेलही जपून वापरावे लागे. तेथील लोकांना लवकर जेवून लवकर झोपणे सोयीचेही होते. सवयीची सुन्नत आणि उपासनेची सुन्नत यांत विद्वान फरक करतात आणि तो फरक पुसून टाकून लोकांवर ओझे घालणे योग्य नव्हे. मुद्दा इतकाच आहे की अल्लाहने सूरह नबामध्ये रात्रीला आवरण आणि दिवसाला उपजीविकेची वेळ म्हटले आहे. मनुष्याचे शरीरही त्याच निर्मात्याने घडवले आहे. त्या शरीराचा कारभार याच विभागणीवर चालतो, हे आता तपशिलाने सिद्ध झाले आहे.

सन २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग या तीन शास्त्रज्ञांना मिळाले. पेशींच्या आत दिवस-रात्रीचे घड्याळ कसे चालते, हे त्यांनी फळमाशीवर संशोधन करून उलगडले होते. असे घड्याळ केवळ मेंदूत नसते, तर यकृत, स्वादुपिंड आणि आतडी यांतही असते. मेंदूतील मुख्य घड्याळ प्रकाशावरून वेळ ओळखते. पोटातील अवयव बऱ्याच अंशी जेवणाच्या वेळेवरून ओळखतात. अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक वाढू लागते आणि त्या काळात स्वादुपिंड इन्सुलिन कमी सोडते. शिवाय स्नायूंवर इन्सुलिनचा परिणामही सकाळच्या मानाने मंदावलेला असतो. म्हणून तेच अन्न, तेवढेच, त्याच माणसाने सकाळी खाल्ले तर रक्तातील साखर जितकी वाढते त्यापेक्षा रात्री अधिक वाढते आणि खाली येण्यास अधिक वेळ लागतो. जेवून लगेच आडवे झाल्यास जठरातील आम्ल वर येते. छातीतील जळजळीसाठी रोज सकाळी गोळी घेणाऱ्यांपैकी पुष्कळांचा आजार रात्रीच्या ताटाशी जोडलेला असतो.

फ्रान्समध्ये एक लाखाहून अधिक प्रौढांच्या जेवणाच्या वेळा नोंदवून अनेक वर्षे त्यांच्या प्रकृतीचा मागोवा घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसातील शेवटचे जेवण रात्री नऊनंतर घेणाऱ्यांमध्ये, आठच्या आधी घेणाऱ्यांच्या तुलनेत, मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांचे, म्हणजे पक्षाघातासारख्या आजारांचे, प्रमाण सुमारे २८ टक्के अधिक आढळले. दिवसाचे पहिले जेवण जितके उशिरा तितका हृदयविकाराचा धोकाही थोडा अधिक दिसला. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. उशिरा जेवणाऱ्यांच्या आयुष्यात इतरही गोष्टी वेगळ्या असू शकतात. अशा आकड्यांवरून एखाद्या माणसाचे भाकीत करता येत नाही. परंतु शरीराच्या घड्याळाविषयी जे ठाऊक आहे, त्याच्याशी हे निरीक्षण जुळते.

आणि हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हे आकडे सर्व धर्मांच्या लोकांचे मिळून आहेत. आपल्या मोहल्ल्यात ते कसे दिसतात हे पाहायचे असेल तर मशिदीच्या सफींच्या टोकाला ठेवलेल्या खुर्च्या मोजाव्यात. खुर्चीवर बसून नमाज अदा करणाऱ्याला शरीअतने पूर्ण सवलत दिली आहे आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. पण पन्नाशीही न गाठलेला माणूस गुडघे आणि वजन यांमुळे सजदा करू शकत नसेल, तर त्याच्या घरच्यांनी तरी थांबून विचार केला पाहिजे. आपल्यापैकी बहुतेक जण हजसाठी आयुष्यभर पैसे साठवतात आणि साठीच्या आसपास निघतात. सफा आणि मरवा यांच्या सात फेऱ्यांतच तीन किलोमीटरहून अधिक चालणे होते; तवाफ, मिना आणि अरफातची धावपळ वेगळीच. पैसे जमले, पण पायांची संवेदना मधुमेहाने गेलेली, ही स्थिती आता विरळ राहिलेली नाही.

प्रेषितांनी (स.) हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांना शरीराचा आपल्यावर हक्क असल्याचे सांगितले होते. कोणत्या प्रसंगी? ते खात-पित फार होते म्हणून नव्हे. ते दररोज रोजा ठेवत आणि रात्रभर उभे राहून नमाज पढत, तेव्हा त्यांना ही समज देण्यात आली. उपासनेच्या अतिरेकानेही शरीराचा हक्क बुडत असेल तर रोजच्या बेशिस्तीने तो किती बुडत असेल! हक्क हा शब्द इस्लाममध्ये हलका नाही. शेजाऱ्याचा हक्क, आईवडिलांचा हक्क, कर्ज देणाऱ्याचा हक्क आणि शरीराचा हक्क एकाच भाषेत सांगितले गेले आहेत.

याच संदर्भात अलीकडे दुसऱ्या टोकाची एक लाट आली आहे. दुपारी एकपर्यंत काहीही खायचे नाही, दिवसातून एकदाच जेवायचे, आणि त्याला 'सुन्नत आहार' असे नाव द्यायचे. तरुणांच्या मोबाइलवर असे उपदेश रोज येतात. येथे सावध राहिले पाहिजे. प्रेषितांच्या (स.) घरात कित्येक दिवस चूल पेटत नसे आणि खजूर व पाण्यावर दिवस निघत, असे हजरत आयशा (र.) सांगतात. ते एक दिवस घरात आले, खायला काही आहे का विचारले, नाही म्हटल्यावर आपण रोजाच ठेवतो असे त्यांनी सांगितले, हेही सहीह मुस्लिममध्ये आहे. हा त्यांचा संयम होता, उदारपणे वाटून टाकल्यामुळे आलेली टंचाई होती आणि अल्लाहवरील विश्वास होता. तो वजन घटवण्याचा तक्ता नव्हता. तेच प्रेषित (स.) भुकेपासून अल्लाहचे शरण मागत आणि भुकेला वाईट सोबती म्हणत. सोमवार-गुरुवारचे रोजे, चांद्रमासाच्या तेराव्या, चौदाव्या व पंधराव्या दिवसाचे रोजे ही सुन्नत आहे. त्यांत सेहरी आहे, नियत आहे आणि मगरिबची सीमाही आहे. सकाळपासून फक्त गोड चहा पीत दुपारपर्यंत राहणे आणि रात्री दुप्पट खाणे याला रोजा म्हणता येणार नाही.

वैद्यकीय दृष्टीनेही या पद्धतीविषयी फाजील आशा बाळगू नये. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. सर्वांना सारखेच कमी उष्मांक दिले. अर्ध्या लोकांना केवळ सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेत खाण्याचे बंधन घातले. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्याजोगा फरक नव्हता. वेळ महत्त्वाची आहेच, पण ताटातील प्रमाण जसेच्या तसे ठेवून केवळ घड्याळाच्या खिडकीने वजन उतरेल ही अपेक्षा चुकीची ठरते. प्रमाणाविषयीची हदीस प्रत्येकाला पाठ असते. हजरत मिक्दाम (र.) यांच्याकडून आलेल्या त्या हदीसनुसार पाठ सरळ राहण्यापुरते काही घास पुरेसे आहेत आणि अधिक खायचेच असेल तर पोटाचे तीन भाग करावेत, अन्न, पाणी आणि श्वास. ही हदीस आपण भिंतीवर लावतो आणि तिच्याच खाली बसून दुसऱ्यांदा भात वाढून घेतो. तिचा क्रमही आपल्या लक्षात राहत नाही. काही घास ही मूळ सूचना आहे. तिसरा भाग ही वरची सीमा आहे.

जाता जाता दोन प्रचलित वचनांविषयी. पोट हे रोगांचे घर असून पथ्य हे औषधांचे मूळ आहे, या आशयाचे वाक्य आपल्याकडे सर्रास हदीस म्हणून सांगितले जाते. हदीसतज्ज्ञांच्या मते ते प्रेषितांचे (स.) वचन नाही, ते अरबांचा वैद्य हारिस बिन कलदा याच्याशी जोडले जाते. आशय चांगला असला तरी प्रेषितांच्या (स.) नावावर त्यांनी न सांगितलेले वाक्य घालणे गंभीर गोष्ट आहे. दुसरे, रात्रीचे जेवण सोडल्याने म्हातारपण येते असे एक कथन आहे आणि वृद्ध मंडळी आग्रहाने जेवू घालताना त्याचा आधार घेतात. ते इमाम तिर्मिजी यांच्या संग्रहात आहे, हे खरे; पण स्वतः इमाम तिर्मिजी यांनीच तेथे त्याला 'मुन्कर', म्हणजे न स्वीकारण्याजोगे, म्हटले आहे. तेव्हा एखाद्या रात्री भूक नसेल, किंवा घरी पोहोचायला मध्यरात्र झाली असेल, तर वाटीभर दही, एखादे फळ किंवा दूध घेऊन झोपण्यात कोणताही दोष नाही.

आता रमजानकडे वळू, कारण आपल्या भोजनाच्या सवयींचा खरा आरसा तोच महिना आहे. या महिन्यात अल्लाहने जेवणाच्या दोन वेळा स्वतः निश्चित करून दिल्या. सूर्यास्ताला रोजा सोडण्यात विलंब नको, आणि सेहरी शक्य तितकी उशिरा. हजरत जैद बिन साबित (र.) सांगतात की प्रेषितांची (स.) सेहरी आणि नमाज यांत साधारण पन्नास आयती पठण करण्याइतके अंतर असे. इफ्तार कशाने? ताजे खजूर, ते नसल्यास सुके खजूर, तेही नसल्यास पाण्याचे काही घोट, आणि मग नमाज. आपले इफ्तारचे दस्तरखान पाहिले तर भजी, समोसे, रोल, गोड सरबते आणि फालुदा यांनीच पोट भरून जाते. मगरिबनंतर पुन्हा खाणे, तरावीहनंतर मित्रांबरोबर खाऊगल्लीत फेरी, मुंबईत असाल तर मोहम्मद अली रोडवर दीड-दोन वाजेपर्यंत मालपुवा आणि कबाब. त्यानंतर 'आता सेहरीला उठवत नाही' म्हणून झोपी जायचे. ज्या सेहरीत बरकत असल्याची ग्वाही सहीह बुखारी व मुस्लिम या दोन्हींत आहे, ती सुटली. तहज्जुदचा वेळ मिठाईच्या दुकानासमोर गेला. फजर कशीबशी झाली किंवा तीही गेली. ईदनंतर वजन वाढल्याचे हसत हसत सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. दिवसभर उपाशी राहून वजन वाढते याचा अर्थ रात्री आपण काय करतो ते उघड आहे.

मधुमेह असलेल्या व्यक्तींनी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांची भेट घ्यावी, असे या विषयावरील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. औषधांच्या मात्रा आणि वेळा तेव्हाच बदलून घ्यायच्या असतात. रोजा असताना रक्तशर्करा ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, हीच त्या सूचनांतील मर्यादा आहे. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे समकालीन विद्वानांचे बहुमत आहे. तरीही आपल्या घरातील वडीलधारी माणसे तपासणी टाळतात, कारण आकडा पाहिला तर रोजा सोडावा लागेल ही भीती. सूरह बकराच्या १८५ व्या आयतीत आजारी व प्रवासी यांना सवलत देताना अल्लाहने तुमच्यासाठी सुलभता हवी आहे, अडचण नको, असे सांगितले आहे. ज्या दादीला दोन वेळा इन्सुलिन लागते तिला ही आयत मुलांनी प्रेमाने समजावून सांगावी. फिदिया द्यावा, आणि इफ्तारच्या दस्तरखानावर तिची जागा पूर्वीसारखीच मानाची ठेवावी. इतर महिन्यांतही जे लोक इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेतात त्यांनी जेवणाची वेळ बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. औषध जुन्या वेळेला आणि जेवण नव्या वेळेला, असे झाले तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

कोणी म्हणेल, हे सर्व ज्यांना सवड आहे त्यांच्यासाठी. भिवंडी-मालेगावात यंत्रमागावर बारा तासांची रात्रपाळी करणाऱ्याने मगरिबला कसे जेवावे? आक्षेप रास्त आहे. त्याच्यासाठी उत्तर वेगळे आहे. कामावर जाण्यापूर्वी, मगरिब-इशाच्या सुमारास घरीच पूर्ण जेवण. रात्री पाळीत पाणी, मूठभर भाजलेले चणे, एखादे केळे. रात्री एक ते चारच्या दरम्यान बिर्याणीचे पार्सल नको. पहाटे घरी आल्यावर हलका नाश्ता आणि झोप. चहाचे ग्लास मोजले तरी निम्मी साखर कमी होईल. दुकानदारांसाठी तर मार्ग त्याहून सोपा आहे. दुपारी डबा येतो तसा संध्याकाळीही येऊ शकतो. मगरिबची नमाज पढून दुकानातच जेवावे आणि रात्री घरी आल्यावर मुलांजवळ बसावे. त्यासाठी ताट असलेच पाहिजे असे नाही. कुटुंबाने एकत्र जेवण्यात बरकत आहे, ही हदीसची शिकवण त्याला सुटीच्या दिवशी आणि सकाळच्या नाश्त्यालाही पाळता येते. सकाळी फजरनंतर तासाभरात ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी, अंडे, रात्रीचे उरलेले कालवण, असा नाश्ता सर्वांनी मिळून केला तर ते एकत्र भोजनच झाले.

वलीम्याबद्दल थोडे कठोरपणे बोलणे भाग आहे. निमंत्रण पत्रिकेवर आठची वेळ आणि पहिली पंगत साडेदहाला, हे आता गृहीत धरले जाते. त्या गर्दीत मधुमेहाची गोळी घेऊन बसलेले वृद्ध असतात, पेंगणारी मुले असतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर जाणारे असतात. वलीमा प्रेषितांची (स.) सुन्नत आहे. तो दुपारी जोहरनंतर केला तर खर्चही कमी येतो आणि सर्वांची फजरही वाचते. काही कुटुंबांनी हे सुरू केले आहे आणि त्यांच्या दावतीला लोक आनंदाने येतात.

राहिला घरातील तिचा प्रश्न, जिच्या जेवणाची वेळ या साऱ्या चर्चेत कोणी विचारली नाही. सासरे आठला जेवतात, मुले नऊला, पती साढेअकराला. प्रत्येकाची भाकरी गरम हवी. ती मधेमधे मुलांच्या ताटातील उरलेले खाते आणि खऱ्या अर्थाने जेवते मध्यरात्रीच्या सुमारास, एकटी, उभ्याउभ्या. मग भांडी. फजरला पुन्हा तीच पहिली उठते. कुटुंबात रक्तशर्करा तपासायला सर्वांत शेवटी जाते तीही तीच. प्रेषित (स.) घरी असताना घरातल्यांच्या कामात हात लावत, हे हजरत आयशा (र.) यांनी सांगितले आहे. तेव्हा उशिरा येणाऱ्याने आपले ताट स्वतः वाढून घेणे, किंवा थंड भाकरी न कुरकुरता खाणे, यात अवघड काय आहे? मगरिबनंतर सर्व घर एका दस्तरखानावर बसले, तिच्यासह बसले, तर इशाची अजान होते तेव्हा स्वयंपाकघर आवरलेले असते आणि तीही वेळेवर वुजू करून नमाजला उभी राहू शकते.